दंतवेष्ट ते आमवात : स्वप्रतिपिंडांचा मागोवा

सांधे धरल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची नाडी आपण पाहतो, जिव्हा पाहतो, अग्नी व कोष्ठ यांविषयी विचारतो. त्याच्या हिरड्या मात्र आपण क्वचितच पाहतो. हा दोष इतरांचा म्हणून आम्ही येथे मांडत नाही. तो आमच्याच हातून घडलेला आहे.

काही वर्षांपूर्वी चाळिशी ओलांडलेल्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. सकाळी उठल्यावर तासभर दोन्ही हातांची बोटे वळत नसत, मनगटे सुजलेली होती, अन्नावर वासना नव्हती. आमवाताचे निदान करून आम्ही लंघन, दीपन-पाचन, एरंडस्नेह व सिंहनाद गुग्गुळ असा क्रम ठेवला. वेदना कमीअधिक होत राहिल्या. आठव्या महिन्यात बोलता बोलता त्यांनी तोंडावर पदर धरला, तेव्हा कारण विचारले. तोंडाला दुर्गंधी येते याची त्यांना लाज वाटत होती. तोंड उघडावयास सांगितले, तर हिरडी दाबताच पूमिश्रित रक्त आले आणि खालचे पुढील दोन दात हलताना दिसले. पंचवीस वर्षांची मशेरीची सवय होती. हिरड्यांतून रक्त येते म्हणून चार वर्षे त्या एकाच औषधालयातून दंतमंजन नेत होत्या. त्या औषधालयात त्यांना कोणी काही विचारले नव्हते आणि आठ महिने आम्हीही विचारले नव्हते.

पुढे रक्ततपासणीत अँटी-सीसीपी ही चाचणी मोठ्या प्रमाणात पॉझिटिव्ह आली. संधिवाततज्ज्ञ व दंतवैद्य या दोघांच्या साहाय्याने त्यांचा विकार आता बऱ्याच अंशी आटोक्यात आहे. परंतु उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झालीच. ती सरळ होणार नाहीत.

हिरडीचा जुना विकार आणि सांध्यांचा दाह यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा सारांश आपल्या व्यवसायबंधूंपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवावा आणि त्यातून आपण आपल्या नित्याच्या कामात काय बदलावे याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रातील निरूपण

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांपैकी पंधरा रोग दंतमूलगत आहेत. आजच्या भाषेत ज्यास पेरिओडोन्टायटिस व बोलीभाषेत पायोरिया म्हणतात, त्याची लक्षणे या पंधरांपैकी अनेकांत विभागलेली आढळतात. शीतादात हिरड्या मृदू, क्लिन्न व दुर्गंधयुक्त होऊन अकस्मात रक्तस्राव होतो. दंतवेष्टात पूय व रक्त स्रवते आणि दात हलू लागतात. त्याचे मूळ दुष्ट रक्तात सांगितले आहे. उपकुशात दाह व पाक होऊन किंचित स्पर्शानेही रक्त येते. शेवटच्या पाच नाडी म्हणजे हिरडीतून खोलवर गेलेले पूयमार्ग होत.

यांपैकी दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे रक्तदुष्टीचा उल्लेख. हिरडीचा रोग हा केवळ दाताभोवतीचा मळ नसून त्यात रक्तधातूचा सहभाग आहे, असे आचार्य मानतात. दुसरी म्हणजे चिकित्साक्रम. दातांवर साचलेली शर्करा, म्हणजेच आपण ज्यास कीटण म्हणतो ती, दातांच्या मुळास इजा न होऊ देता शस्त्राने खरवडून काढावी, असे सुश्रुतांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. वीस शस्त्रांच्या गणनेत दंतशंकू या कामासाठीच आहे. प्रतिसारण, गंडूष व कवल हे त्या कर्माला पूरक आहेत. त्याचा पर्याय म्हणून ते सांगितलेले नाहीत. या मुद्द्याकडे आम्ही लेखाच्या अखेरीस पुन्हा येऊ.

हिरडीत काय घडते

दातावर जीवाणूंचा पातळ, चिकट थर सतत बसत असतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही तर हिरडी सुजते. १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करावयास सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. येथपर्यंतचा विकार पूर्णपणे परतवता येतो.

हा दाह काही व्यक्तींत मात्र खोलवर जातो. निरोगी अवस्थेत दात व हिरडी यांमधील खाच साधारण एक ते तीन मिलिमीटर असते. ती चार-पाच मिलिमीटर किंवा अधिक खोल झाली की तिचे पोकळीत रूपांतर होते. तेथे प्राणवायूवाचून वाढणाऱ्या जीवाणूंची वसाहत होते, दाताला आधार देणारे अस्थी व तंतू झिजतात आणि दात हलू लागतो. तीव्र विकारात या सर्व पोकळ्यांच्या अंतर्भागाचे एकत्रित क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम पायावर असती तर रुग्ण लंगडत आपल्याकडे आला असता. तोंडात ती दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे राहते.

या जखमेच्या तळाशी रोगप्रतिकारक पेशींची मोठी गर्दी असते. त्यांत प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी विपुल असतात. प्रतिपिंड म्हणजे एखाद्या परकीय पदार्थाचा विशिष्ट आकार ओळखून त्यास चिकटणारे प्रथिन. जीवाणूंविरुद्ध अशी प्रतिपिंडे तयार होणे हे शरीराचे रक्षणकार्यच आहे. जेव्हा हीच यंत्रणा स्वतःच्या शरीरातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते तेव्हा अडचण निर्माण होते. अशा प्रतिपिंडांना आपण येथे स्वप्रतिपिंडे म्हणू. जीर्ण हिरडीविकाराच्या रुग्णांत कोलॅजन या हिरडीच्याच तंतुप्रथिनाविरुद्ध, तसेच कार्डिओलिपिन या स्निग्ध घटकाविरुद्ध स्वप्रतिपिंडे आढळल्याचे अभ्यास आहेत. तथापि सर्वाधिक लक्ष वेधले आहे ते सिट्रुलीनयुक्त प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी.

स्वकीय परके कसे ठरते

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या साखळ्या असतात. त्यांपैकी आर्जिनीन या घटकावर धनभार असतो. पीएडी नावाची एन्झाइमे आर्जिनीनचे सिट्रुलीनमध्ये रूपांतर करतात. त्यामुळे तो धनभार जातो, प्रथिनाची घडी बदलते व त्याचे बाह्य रूप निराळे दिसू लागते. ही क्रिया निरोगी शरीरातही त्वचा इत्यादी ठिकाणी होत असते. दाहाच्या जागी मात्र ती फार वाढते, कारण तेथे मरणाऱ्या पांढऱ्या पेशींतून ही एन्झाइमे बाहेर पडतात. घरातील माणूसच, पण वेष पालटून आलेला. पहारेकऱ्याने त्यास ओळखले नाही तर नवल नाही.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या विकारात, ज्याचे साधर्म्य आपण आमवाताशी पाहतो, अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. या शोधाचा इतिहास रंजक आहे. १९६४ साली नेदरलँड्समधील नीनहाउस व मान्देमा यांनी या रुग्णांच्या रक्तात एक प्रतिपिंड शोधले, जे माणसाच्या गालाच्या आतील त्वचेतील पेशींना चिकटत असे. ते नेमके कशास चिकटते हे उलगडण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. १९९८ साली नेदरलँड्समध्येच स्केलेकेन्स व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्याचे लक्ष्य सिट्रुलीन आहे. त्यातूनच आज सर्वत्र उपलब्ध असलेली अँटी-सीसीपी चाचणी निघाली. २०१० साली अमेरिकन व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी ठरविलेल्या वर्गीकरणात या प्रतिपिंडांना ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरच्या बरोबरीने गुण देण्यात आले.

आता हिरडीकडे वळू. १९९९ साली असे आढळले की पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या, हिरडीविकारातील एका प्रमुख जीवाणूकडे, स्वतःचे असे पीएडी एन्झाइम असते. हा जीवाणू प्रथम आपल्या पाचक एन्झाइमांनी प्रथिन आर्जिनीनपाशी तोडतो आणि मग त्या तुटलेल्या टोकावरील आर्जिनीनचे सिट्रुलीन करतो. असे टोक मानवी एन्झाइम सहसा बनवीत नाही. म्हणजे शरीरास अपरिचित असे काही तेथे निर्माण होते. यावरून २००४ साली अशी उपपत्ती मांडण्यात आली की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधील प्रतिपिंडांचा उगम मुखातील या जीवाणूविरुद्धच्या प्रतिक्रियेत असू शकेल.

२०१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दुसरा मार्ग दाखविला. अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकोमिटन्स हा हिरडीविकारातील आणखी एक जीवाणू. तो ल्यूकोटॉक्सिन-ए नावाचे विष सोडतो. त्या विषाने पांढऱ्या पेशींच्या आवरणास छिद्रे पडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशीतील पीएडी एन्झाइमे बेसुमार कार्य करू लागतात. येथे जीवाणूचे एन्झाइम आपले प्रथिन बदलत नाही. जीवाणूच्या विषामुळे आपलीच एन्झाइमे आपली प्रथिने बदलतात. या अभ्यासातील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत या जीवाणूच्या संसर्गाचा पुरावा आढळला, तर निरोगी व्यक्तींत तो साधारण दहातील एकात होता.

तिसरा मार्ग सादृश्याचा. एनोलेज हे एन्झाइम जीवाणूत असते तसेच मानवी पेशीतही असते व दोहोंचे काही भाग मिळतेजुळते असतात. जीवाणूच्या एनोलेजविरुद्ध बनलेले प्रतिपिंड मानवी एनोलेजलाही चिकटू शकते, हे २००८ साली दाखविले गेले. हे तिन्ही मार्ग परस्परविरोधी नाहीत. एकाच हिरडीत ते एकाच वेळी चालू असू शकतात.

मुखातून सांध्याकडे

यावर साहजिक शंका येईल की प्रतिपिंडे हिरडीत बनली तरी सांधे का सुजावेत? याचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. परंतु काळाच्या क्रमाविषयी एक गोष्ट निश्चितपणे कळली आहे. २००४ साली नेदरलँड्समध्ये, पुढे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या रक्तदात्यांचे पूर्वी साठवून ठेवलेले रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच अँटी-सीसीपी किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, किंवा दोन्ही, आढळली. म्हणजे रोगाची सुरुवात सांध्यात होत नाही. ती अन्यत्र कोठेतरी, बहुधा मुख, फुफ्फुस वा आतडे यांच्या अंतस्त्वचेवर होते आणि सांधा हे तिचे उशिरा दिसणारे स्थान होय. दोषांचा संचय एका स्थानी व रोगाची व्यक्ती अन्य स्थानी, हे आपल्याला अपरिचित नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने या साखळीतील एक दुवा प्रत्यक्ष दाखविला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या काही थोड्या रुग्णांनी दर आठवड्यास बोटास टोचून रक्ताचे नमुने दिले. त्यांपैकी ज्यांना हिरडीविकार होता त्यांच्या रक्तात मुखातील जीवाणू वारंवार उतरत असल्याचे आढळले. हे जीवाणू सिट्रुलीनयुक्त होते, आणि रुग्णांची स्वप्रतिपिंडे त्यांना चिकटत होती. हिरडी फुटली की प्रतिकारयंत्रणेस पुन्हा पुन्हा चेतावणी मिळते, असा याचा अर्थ.

तरीही हिरडीविकार असलेल्या बहुसंख्य लोकांना सांध्यांचा हा रोग होत नाही. त्यासाठी प्रकृतीचीही अनुकूलता लागते. एचएलए-डीआरबी-१ या जनुकाची काही विशिष्ट रूपे ज्यांच्यात असतात, त्यांच्या प्रतिकारपेशी सिट्रुलीनयुक्त तुकडे अधिक सहज पुढे मांडतात. २००६ साली स्वीडनमधील अभ्यासात असे दिसले की या जनुकरूपाच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह प्रकारच्या रोगाचा धोका, दोन्ही बाबी नसलेल्यांच्या तुलनेत २१ पट होता. धूम्रपानाने फुफ्फुसातही सिट्रुलीनयुक्त प्रथिने वाढतात आणि हिरडीविकारही बळावतो. शिवाय धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे विकार झाकला जातो. धूम्रपानाविषयीचा हा निष्कर्ष मशेरीस जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु मशेरी हिरडीचा नाश करते याविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि आपल्या प्रांतात ती अजून कित्येक घरांत चुलीवर भाजली जाते.

जुन्या चुकीचा इशारा

या विषयात उत्साहाला आवर घालणे आवश्यक आहे, कारण वैद्यकाने येथे एकदा मोठी चूक केलेली आहे. १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी कॅनडातील माँट्रिआल येथे व्याख्यान देऊन मुखातील पूयदोष हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सांधेदुखीवर उपाय म्हणून असंख्य लोकांचे दात, प्रसंगी सर्वच्या सर्व दात, उपटून काढण्यात आले. सांधे मात्र बरे झाले नाहीत. परिणामी ही उपपत्ती इतकी बदनाम झाली की पुढे अर्धे शतक मुख व सांधे यांचा संबंध काढणेही अशास्त्रीय समजले जाई. त्या काळी निरीक्षण सर्वस्वी चुकले नव्हते. निष्कर्षाची उडी चुकली होती.

म्हणून काय सिद्ध झाले आहे व काय नाही हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जीर्ण हिरडीविकारात सिट्रुलीनयुक्त प्रथिने व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात, हे सिद्ध आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस व हिरडीविकार हे अपेक्षेपेक्षा अधिक वेळा एकत्र आढळतात, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. हिरडीविकारामुळेच सांध्यांचा रोग होतो, हे सिद्ध नाही. हिरडीच्या उपचाराने सांध्यांचा दाह थोडा कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले, तर फ्रान्समधील एका तुलनात्मक चाचणीत सांध्यांच्या दाहाच्या निर्देशांकात लक्षणीय फरक पडला नाही. रोग एकदा पूर्ण प्रस्थापित झाल्यावर त्याचे उगमस्थान बुजवून तो थांबेलच असे नाही.

आपल्या काही बंधूंना हे सर्व वाचून म्हणावेसे वाटेल की सिट्रुलीनयुक्त प्रथिन म्हणजेच आम आणि स्वप्रतिपिंडे म्हणजेच सामता. हा मोह आम्हालाही झाला होता. परंतु आम ही अग्निमांद्यापासून सुरू होणारी व्यापक संकल्पना आहे. तिला एका रासायनिक बदलात कोंबल्याने आम कळत नाही व सिट्रुलीनही कळत नाही. माधवकरांनी आमवातास स्वतंत्र रोग म्हणून स्थान दिले ते रुग्णांच्या सूक्ष्म निरीक्षणावरून. त्या निरीक्षणाचा वारसा आपण चालवावा. साम्य दिसले की तेच प्रमाण मानण्याची घाई करू नये.

व्यवहारात काय करावे

प्रथम वैद्यांविषयी. आमवात, वातरक्त अथवा कोणत्याही जीर्ण सांधेविकाराच्या प्रत्येक रुग्णाचे तोंड उजेडात पाहावे. ब्रश करताना रक्त येते काय, मुखास दुर्गंधी आहे काय, दातांमधील फटी अलीकडे वाढल्या आहेत काय, दात हलतात काय, तंबाखू कोणत्या स्वरूपात घेतली जाते, मधुमेह आहे काय, हे सहा प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. याउलट, हिरडीविकाराचा रुग्ण आला तर सकाळी हातांची बोटे किती वेळ आखडलेली असतात हे विचारावे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, बोटांच्या मुळांशी असलेले सांधे आडवे दाबल्यावर दुखत असतील किंवा लहान सांध्यांची सूज सहा आठवडे टिकली असेल, तर अँटी-सीसीपी व ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर तपासून रुग्णास विनाविलंब संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे. या रोगात अस्थींची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते व गेलेले अस्थी परत येत नाही.

तपासणीचा अर्थ लावतानाही विवेक हवा. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर क्षय, यकृतशोथ यांसारख्या जीर्ण संसर्गांत आणि काही निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी अधिक विश्वसनीय आहे, तथापि रोग असलेल्या सुमारे तिघांपैकी एकात ती निगेटिव्ह असते. म्हणून कागदापेक्षा सांध्याची सूज महत्त्वाची. सांधे निरोगी असताना केवळ हिरड्या सुजल्या म्हणून सर्वांच्या या चाचण्या करीत सुटू नये. त्याने खर्च व भीती यांखेरीज काही पदरी पडत नाही.

चिकित्सेविषयी सांगायचे तर, एकदा घट्ट बसलेले कीटण कोणत्याही क्वाथाने वा मंजनाने विरघळत नाही. ते दंतवैद्याकडून, हिरडीच्या खालचेही, काढून घ्यावे लागते. रुग्णास दंतवैद्याकडे पाठविणे म्हणजे आपल्या शास्त्रास कमीपणा आणणे नव्हे. दंतशंकूचे स्थान ज्यांनी सांगितले त्यांच्याच आज्ञेचे ते पालन आहे. त्यानंतर त्रिफळा क्वाथाचा कवल, इरिमेदादि तेलाचा गंडूष, लोध्र-यष्टीमधु आदींचे मधासह प्रतिसारण यांना आपापले स्थान आहे. हिरडीवर जळवा लावण्यापूर्वी रुग्ण रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत नाही ना, याची खात्री करावी.

आणखी एक इशारा विशेष महत्त्वाचा. या रोगावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास जीवावर बेतते, आणि त्याचे एक आरंभीचे चिन्ह म्हणजे तोंडात उठणारे व्रण. असा रुग्ण मुखपाक समजून खदिरादि वटी मागावयास आपल्याकडे किंवा औषधालयात येऊ शकतो. तोंडातील व्रणांच्या प्रत्येक रुग्णास इतर कोणती औषधे चालू आहेत हे विचारावे. मेथोट्रेक्सेट चालू असल्यास त्याच दिवशी मूळ चिकित्सकाकडे पाठवावे. तसेच चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून रुग्णाने परस्पर बंद करू नयेत, हे त्यास निक्षून सांगावे.

औषधालयचालकांचे स्थान या साखळीत पहिले आहे, कारण हिरडीतून रक्त येणारा मनुष्य वैद्याकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जातो. एकच ग्राहक रक्तस्रावासाठी दोन महिन्यांहून अधिक काळ मंजन नेत असेल, तर पुढील डबी देताना दंतवैद्यास दाखविल्याचे विचारावे. खरखरीत मंजन बोटाने रगडण्यापासून त्यास परावृत्त करावे. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. असे काही विक्रीस आल्यास ते दुकानात ठेवू नये, आणि गिऱ्हाइकाने मशेरीची सवय सांगितल्यास त्याची थट्टा न करता ती सोडविण्याचा मार्ग दाखवावा. वेदनाशामक तेल किंवा गुग्गुळकल्प वारंवार नेणाऱ्यालाही एकदा सहज विचारावे की हिरड्या कशा आहेत.

ज्या भगिनींचा वृत्तान्त आम्ही आरंभी दिला त्या अजूनही दर तीन महिन्यांनी येतात. मशेरी सुटली आहे. त्यांच्या हिरड्यांवर आधी उपचार झाले असते तर सांधे वाचले असते, असे आम्ही म्हणू शकत नाही. आजचे ज्ञान तेवढे सांगण्याची मुभा देत नाही. परंतु पहिल्याच दिवशी तोंड पाहिले असते तर प्रश्न विचारले गेले असते, प्रश्नांतून तपासणी झाली असती आणि आठ महिने वाया गेले नसते, हे निश्चित. परवा त्या आपल्या मुलीस घेऊन आल्या होत्या. मुलीची तक्रार केवळ अम्लपित्ताची होती. जिव्हा पाहून झाल्यावर आम्ही तिला ओठ वर उचलावयास सांगितले. दोन ठिकाणी हिरडी लाल होती, दाबल्यावर थोडे रक्त आले. अजून दात हलत नाहीत. दंतवैद्याच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि मगच अम्लपित्ताचे औषध सांगितले.